जेवणाच्या सुट्टीतलं ध्यान

ध्यानाचा वर्ग जेवणाच्या सुट्टीत ठेवणाऱ्या कंपनीला आपल्या माणसांच्या मनःशांतीची काळजी आहे, हे मला मान्य नाही. काळजी असती तर वर्ग कामाच्या वेळेत घेतला असता. कामाचे तास एका मिनिटानंही कमी करायचे नाहीत, माणसाच्या हक्काचा अर्धा तास मात्र काढून घ्यायचा आणि त्याला 'कर्मचारी कल्याण' म्हणायचं, हा व्यवहार सरळ नाही.

आणि तो आता सर्रास चालतो. माझ्या मैत्रिणीची मुलगी हिंजवडीत नोकरी करते. तिनं मला निमंत्रणाची ईमेल दाखवली. दर बुधवारी दीड ते दोन, दुसऱ्या मजल्यावरची कॉन्फरन्स रूम. जेवणाची सुट्टी एक ते दोन. कॅन्टीनच्या रांगेतच पंधरा-वीस मिनिटं जातात, त्यामुळे बुधवारी डबा उभ्यानंच संपवायचा किंवा तसाच परत घरी न्यायचा. दाराशी क्यूआर कोड स्कॅन केला की हजेरी लागते आणि हजेरीची यादी मॅनेजरकडे जाते. मॅनेजर स्वतः वर्गाला येत नाही, त्याची तेव्हा मीटिंग असते. शिकवायला येणारी बाई मनापासून शिकवते, असं मुलगीच सांगते. पहिल्याच बुधवारी ती बाई म्हणाली, 'परिस्थिती आपल्या हातात नसते, तिच्याकडे कसं बघायचं ते आपल्या हातात असतं. आता डोळे मिटा.' मुलीनं डोळे मिटले आणि तिला झोप लागली. शेजारच्या मुलानं हलवून उठवलं. 'मावशी, आठवडाभर एकही रात्र पाच तास झोपले नव्हते,' ती मला म्हणाली, 'श्वास कुठला बघणार?'

पाच तास का झोपली नव्हती? कारण अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरचा कॉल रात्री साडेदहाला असतो आणि सकाळी नऊला इथल्या टीमची हजेरी. ध्यानाचे वर्ग सुरू झाल्यावरही साडेदहाचा कॉल साडेदहालाच राहिला.

म्हणून 'परिस्थिती आपल्या हातात नसते' हे वाक्य मला डाचतं. कोणाच्या हातात नसते? त्या मुलीच्या हातात नाही, हे खरं. पण त्याच इमारतीत, दोन मजले वर, कोणाच्या तरी हातात ती पूर्णपणे आहे. कॉल दोन तास आधी घ्यायचा, आळीपाळीनं घ्यायचा, रात्री कॉल असेल तर दुसऱ्या दिवशी अकराला या म्हणायचं. यातलं काहीही एका सहीनं होतं. ज्याची सही चालते तो वर्गाला येत नाही आणि जिची चालत नाही तिला श्वासाकडे बघायला बसवतात.

ध्यानाबद्दल माझी तक्रार नाही, हे आताच सांगते. मी इगतपुरीला जाऊन बसलेली आहे. तिथल्या विपश्यना केंद्रात, धम्मगिरीवर, पहाटे चारला घंटा होते, साडेचारला माणसं ध्यानाला बसतात आणि दिवसातले दहा-एक तास त्यातच जातात. मोबाइल पहिल्या दिवशीच जमा होतो. दहा दिवस मौन, वाचन नाही, लेखन नाही. गुडघे दुखतात, पाठ धरते, तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं. आणि तरीही तिथून बाहेर पडताना माणसाला आपल्या रागाची चाहूल तो येण्याआधी लागायला लागलेली असते. हे काही थोडं नाही. कोणी टोचून बोललं आणि आपण उलट बोललो, या दोहोंच्या मध्ये एक फट असते. एरवी ती आपल्याला सापडत नाही, ध्यानानं सापडते. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार?

पण तिथली एक गोष्ट कंपन्यांच्या वर्गात हटकून गाळलेली असते. इगतपुरीला पहिल्या संध्याकाळी, श्वासाचा शब्दही निघण्याआधी, पंचशील घ्यावं लागतं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, ब्रह्मचर्य मोडणार नाही, नशा करणार नाही. हे आधी. मग तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना. शीलाशिवाय समाधी उभी राहत नाही, असं तिथे रोज संध्याकाळच्या प्रवचनात सांगतात. कंपनीच्या वर्गात शील वगळलं जातं आणि तेवढा श्वास उरतो. कारण शील ठेवलं तर प्रश्न नुसते कर्मचाऱ्याला विचारून चालणार नाही, कंपनीलाही विचारावे लागतील.

ही विद्या ज्या हातांतून आपल्याकडे आली ते हात कचेरीत काम करणारेच होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विपश्यना भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन संन्यासी नव्हते, सरकारी नोकर होते. रंगूनच्या महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून ते लागले. १९३७ मध्ये ध्यानाकडे वळले, आणि ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्या नव्या देशाचे महालेखापाल झाले. सरकारी पैशाच्या हिशेबात घोळ कुठे होतो ते बघणं हेच त्यांचं काम. आपल्या कार्यालयातच त्यांनी ध्यानासाठी जागा काढली, हाताखालच्या माणसांना ध्यान शिकवलं आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभं केलं.

कार्यालयातल्या ध्यानाचं याहून अस्सल उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ते नीट बघितलं तर दोन गोष्टी दिसतात. साहेब स्वतः आधी बसत होते, कर्मचारी मागून बसले. आणि ज्या कार्यालयात ध्यान शिरलं त्या कार्यालयाचा कारभार त्या माणसानं स्वच्छ ठेवला होता. लाच न घेणारा, कडक आणि प्रेमळ अधिकारी अशी त्यांची ख्याती होती. म्हणूनच सरकार त्यांच्यावर एका खात्यावर दुसरं खातं सोपवत राहिलं. ध्यान आणि सचोटी यांच्या फाइली तिथे वेगळ्या नव्हत्या.

गोयंका त्यांच्याकडे १९५५ मध्ये गेले ते अर्धशिशीनं हैराण होऊन. वेदना एवढ्या की मॉर्फिन टोचावं लागे. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, या विद्येची किंमत तुम्ही कमी करताय, मन निर्मळ करायला येणार असाल तर या. हा प्रसंग गोयंका स्वतः वारंवार सांगत. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं, आणि आज महाराष्ट्रात विपश्यना घराघरांत माहीत आहे. त्या परंपरेच्या उंबरठ्यावरच हा नकार उभा आहे. ज्या गुरूनं खऱ्याखुऱ्या डोकेदुखीसाठी ध्यान द्यायला नकार दिला, त्याची विद्या आपण तिमाही टार्गेटच्या डोकेदुखीवर वाटत सुटलोय.

पश्चिमेकडून आलेल्या वाटेचंही हेच झालं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. आज कंपन्यांमध्ये 'माइंडफुलनेस' म्हणून जे चालतं त्याचं मूळ तिथे आहे. त्यांच्याकडे येणारे रोगी कोण होते? वर्षानुवर्षं दुखणं अंगावर घेऊन जगणारे, औषधांनी आणि शस्त्रक्रियांनी जे व्हायचं ते होऊन गेलेलं, तरी दुखणं न गेलेले. अशा माणसाला 'वेदना राहील, तिच्याशी तुझं नातं बदल' असं सांगणं हा मोठा दिलासा आहे. जे दुखणं काढून टाकता येत नाही त्यासाठी ही रीत घडली.

दोन माणसांचं काम एकाला देणं हे असाध्य दुखणं आहे का? शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'अर्जंट' लिहून फाइल मागणारा साहेब हा जुनाट रोग आहे का? हे दुखणं कोणीतरी दिलेलं आहे. ज्यानं दिलं तो ते काढू शकतो. ते न काढता सहन करायला शिकवणं हा रोग्याचा अपमान आहे, आणि त्या उपचाराचाही.

आता संशोधन काय म्हणतं तेही बघू, कारण कंपन्या दर वेळी 'हे शास्त्रीय आहे' असं सांगतात. शास्त्रीय आहे, पण अर्धवट सांगितलेलं. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजारांवर माणसांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं थोडा पण खरा फरक पडतो, असं त्यात निघालं. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

कामातल्या समाधानाबद्दलचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास नेदरलँड्समधला, मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या उटे ह्युल्सहेगर आणि सहकाऱ्यांचा, २०१३ सालचा. लोकांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांमधल्या २१९ जणांनी पाच दिवस रोजनिशी लिहिली. आणखी ६४ जणांवर वेगळा प्रयोग झाला, त्यात काहींना घरी करायचे ध्यानाचे छोटे पाठ दिले. पाठ करणाऱ्यांचं मन कमी थकलं, कामातलं समाधान वाढलं. का वाढलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. ती माणसं खोटं हसणं कमी करायला लागली होती. आतून वैतागलेले असताना चेहऱ्यावर गोडवा चढवून ठेवणं, हे काउंटरवरच्या, कॉल सेंटरमधल्या, वॉर्डातल्या, वर्गातल्या माणसाला पिळून काढतं. ध्यान करणाऱ्याला ते सोंग कमी घ्यावं लागतं, म्हणून त्याला संध्याकाळी जरा बरं वाटतं.

म्हणजे ध्यानाचा फायदा माणूस खरा होण्यातून येतो. आता तुमच्या नोकरीत खरं राहायची परवानगी आहे का, ते मला सांगा.

तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी असलेली माझी एक मैत्रीण आहे. इगतपुरीहून आल्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसते, वर्षानुवर्षं, खाडा नाही. तिच्या बँकेत मार्च आला की विमा पॉलिसी खपवायचं टार्गेट येतं. रोज सायंकाळी व्हिडिओ कॉलवर शाखावार आकडे वाचून दाखवतात आणि मागे पडलेल्याला सगळ्यांदेखत उभं करतात. एक म्हातारा शेतकरी सोयाबीनचे पैसे घेऊन एफडी करायला आला. नियम असा तोंडी पसरलेला की 'एफडीसारखंच आहे, बाबा' म्हणायचं आणि पॉलिसीच्या फॉर्मवर अंगठा घ्यायचा. म्हाताऱ्याला कळणार कधी? पुढच्या वर्षी दुसरा हप्ता भरायची सूचना आली की. ती म्हणाली, 'मी एफडीचा फॉर्म दिला. काय बोलणार? सकाळीच बसले होते, उठून लगेच खोटं बोलता येईना.' तिचा आकडा खाली राहिला. वर्षाच्या शेवटी बदली झाली, घरापासून दोन तासांवर. मी विचारलं, ध्यानानं काय मिळालं मग? तिचं उत्तर मी विसरणार नाही. 'ध्यान सोडलं असतं तर नोकरी सोपी गेली असती.'

हे कोणत्याही माहितीपत्रकात येत नाही. ध्यानानं माणूस निवांत होतोच असं नाही. कधी कधी त्याला स्वच्छ दिसायला लागतं, आणि दिसलेलं सोसत नाही. कंपन्यांनाही याची कुणकुण लागायला हरकत नव्हती. अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्होज यांनी २०१८ मध्ये प्रयोग करून दाखवलं की ध्यानाला बसून उठलेल्या माणसाला समोर ठेवलेलं काम करण्याची ओढ कमी वाटते. काम तो वाईट करत नाही, पण त्यामागे धावावंसं त्याला वाटत नाही. मला यात नवल वाटलं नाही. उद्याची हाव थोडी शमावी हाच तर ध्यानाचा हेतू. ज्या नोकरीत उद्याच्या हावेवरच सगळं चालतं तिथे ध्यान आणि टार्गेट एकाच टेबलावर बसणार नाहीत.

मोठ्या प्रमाणावर बघितलं तर काय दिसतं? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, मनोबलाचे वर्ग, झोपेची अ‍ॅप, ताण हाताळण्याची शिबिरं. यांत भाग घेतलेली माणसं आणि न घेतलेली माणसं, दोन्ही सारखीच. पहिली जास्त सुखी निघाली नाहीत. फरक दिसला तो फक्त स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांत. ही एका वेळची पाहणी आहे, तिच्यावरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण गाजावाजा करून अ‍ॅपची वर्गणी भरणाऱ्या कंपन्यांनी तिच्यापुढे थांबायला हवं. स्वतःहून बसलेल्या माणसाला ध्यान लाभतं. हजेरी लावून बसवलेल्याला लाभल्याचं दिसत नाही.

माणूस कामानं का जळून जातो, हे कोडं आता उरलेलं नाही. क्रिस्टिना मॅसलॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभं आयुष्य त्यावर घालवलं. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय आणि मूल्यं, या सहा जागी कुठेतरी बिनसतं तेव्हा माणूस कोसळतो, असं त्या सांगतात. सहाच्या सहा गोष्टी कामाच्या ठिकाणी आहेत, माणसाच्या नाकपुडीत एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद घेताना ते कामाशी निगडित असल्याचंच म्हटलं. आणि तासांचा हिशेब तर जिवावरचा आहे. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तास करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जाहीर केलं. त्या हिंजवडीच्या मुलीचे तास मी मोजले. ५५ च्या पुढे जातात.

आपल्या मातीत या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलं गेलंय. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, 'दीनबंधु'मधून लिहिलं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज रविवारी सकाळी जो कोणी निवांत डोळे मिटून बसतो, त्याच्या निवांतपणामागे लोखंड्यांची ती सहा-सात वर्षांची झुंज आहे. सत्यशोधक माणूस. त्यांनी गिरणीतल्या माणसाला 'मन शांत ठेव' असं सांगितलं नाही, त्याला एक दिवस मिळवून दिला.

आणि बाबासाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण त्याच्या दहा वर्षं आधी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना, कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं होतं, हे किती जणांच्या लक्षात असतं? १९४६ मध्ये तो कायदा झाला. ज्या माणसानं या महाराष्ट्राला बुद्ध परत दिला त्यानंच आधी कामगाराचे सहा तास सोडवले होते. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका ही एक पायरी आहे, सम्यक् समाधी ही वेगळी पायरी आहे. एक गाळून दुसरीवर उडी मारायची मुभा बुद्धानं कोणाला दिलेली नाही.

त्याच महाराष्ट्रात ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळानं कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. जादा कामाची मर्यादा तिमाहीला १४४ तासांपर्यंत वाढवली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा तासांना दुप्पट पैसे मिळतील, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असं सरकारचं म्हणणं. लेखी संमती! ज्या शॉप फ्लोअरवर कंत्राटदाराच्या एका फोनवर माणूस उद्यापासून बंद होतो, तिथे 'मी संमती देत नाही' असं कोण लिहून देणार आहे? दिवसाला बारा तास उभं राहून घरी गेलेल्या माणसाला ध्यान शिकवायला जाऊ नका. त्याला जेवून झोपू द्या.

उभं राहण्यावरून केरळ आठवला. तिथे कापडाच्या मोठ्या दुकानांत बायका दहा-दहा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नाही, लघवीला जायची चोरी, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. त्या बायकांनी संघटना केली, बसण्याचा हक्क मागितला आणि २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकानं-आस्थापनांचा कायदा बदलून तो दिला. मालकाला आता स्टूल ठेवावं लागतं. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तेच केलं. कामातलं समाधान वाढवणारा असा उपाय मला कोणत्याही कल्याण-कार्यक्रमात दिसलेला नाही, आणि त्याला खर्च किती? एका स्टुलाचा.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा हक्काचं खासगी विधेयक २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं. कायदा अजून झालेला नाही.

मनुष्यबळ विभागातली काही मंडळी हे सदर वाचतात, पत्रं येतात त्यांची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा हेतू चांगला असतो, मला ठाऊक आहे. वरून बजेट येतं ते अ‍ॅपचं आणि वर्गाचं, माणसं वाढवायचं येत नाही. तुम्ही तरी काय करणार? एवढं करा. पुढचा वर्ग ठरवाल तेव्हा तो सकाळी अकराला ठेवा, कामाच्या तासांत धरा. हजेरी घेऊ नका. ज्याला बसायचं नाही त्याला त्या वेळात आडवं होऊ द्या. आणि मॅनेजर खोलीत येऊन बसल्याशिवाय शिकवणाऱ्याला सुरुवात करू देऊ नका. ऊ बा खिन यांच्या कार्यालयात साहेब बसत होते.

बाकी सगळ्यांना, म्हणजे नोकरी करणाऱ्या तुम्हा-आम्हाला, एक गोष्ट सुचवते. महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा घेण्याची सोय करून दिलेली आहे. खासगी कंपन्यांत मात्र ध्यानाचं कौतुक आहे, रजा नाही. तुमच्या कंपनीला ध्यान एवढं पटत असेल तर दहा दिवसांची भरपगारी रजा मागा, फोन बंद, लॅपटॉप ऑफिसात जमा. इगतपुरीला शिबिराची फी लागत नाही, जेवण-राहणं धरून. कंपनीला खर्च आहे तो फक्त तुमच्या दहा दिवसांचा. एकट्यानं मागू नका, टीममधले सगळे मिळून मागा, आणि तोंडी नको, ईमेलनं मागा. आलेलं उत्तर मला पाठवा. कंपनीचं नाव झाकून मी ते याच जागी छापीन.